बाणाभोवतीचा गोल

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. कारण सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. म्हणूनच हे लिहितेय...

घर आमचं म्हैसूरला, जयलक्ष्मीपुरममध्ये. अप्पांना काचबिंदू. पेपर सुटला, टीव्ही सुटला. उरला तो कॉम्प्युटरवरचा पत्त्यांचा डाव. तोही सुटू नये म्हणून मी माउसचा बाण मोठ्ठा केला, पिवळाधमक केला. बाणाला मागे शेपटी लावली तर म्हणाले, "अय्यो, ह्या काय मुंग्या सोडल्यास? काढ!" शेवटी एक सेटिंग चालू केलं — कंट्रोलची कळ दाबली की बाणाभोवती गोल उमटतो आणि आकसत आकसत बाणावर येतो. आई शेजारी वाती वळत बसायची. अप्पा म्हणायचे, "कुठं गेला गं?" आणि ती मान वर न करता कळ दाबायची.

आई गेली. मी बंगळूरला. फोनवर अप्पा म्हणाले, डाव रोज मांडतो.

"बाण सापडतो तुम्हाला?"

"ती दाखवते की."

डोळे गेले ते गेले, आता डोकंही... वर्षश्राद्धानंतरच्या दसऱ्याला मी त्यांना बंगळूरला न्यायलाच आले. त्यांची बॅगसुद्धा भरली.

आमच्याकडे आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, कीबोर्ड देवासमोर जातो. ही पूजा आईची. यंदा मी वायर काढून तो देवघरात ठेवला, स्पेसबारवर कुंकू लावलं, वर शेवंतीचं फूल. माउस मात्र अप्पा सोडेनात.

"सुम्ने, उगाच हट्ट करताय," मी करवादले. "आज कुठल्याच अवजाराला हात लावायचा नसतो."

"एकच डाव गं."

भर दुपार होती. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी. पिवळा बाण पत्त्यांच्या गर्दीत कुठंतरी हरवला. अप्पा नेहमीच्या आवाजात म्हणाले, "कुठं गेला गं?"

मला नव्हतं विचारलं ते.

गोल उमटला. आकसत आकसत बाणावर आला. अप्पांनी पत्ता उचलला आणि हसले. "बघितलंस?"

मी देवघरात धावले. स्पेसबारवरचं कुंकू जसंच्या तसं, फूल जागेवर. आणि डाव्या कोपऱ्यात, कंट्रोलच्या कळीवर, कुंकवाचं आणखी एक बोट... तेव्हा आठवलं — आई दर वर्षी त्याच कळीला कुंकू लावायची. म्हणायची, "काम हीच करते गं, बाकीच्या सुम्ने बसल्यात!"

अप्पांची बोटं पाहिली, स्वच्छ. घरात तिसरं कुणी नव्हतं. मग माझ्या धंद्याप्रमाणे सगळं तपासलं — दुसरा माउस लावला, मशीन बंद करून चालू केलं, एकेक सेटिंग उलटसुलट करून पाहिलं. कारण सापडलं नाही. अजूनही नाही.

बॅग त्याच संध्याकाळी रिकामी केली. आता मी इथूनच काम करते, अप्पांच्या शेजारी बसून. "कुठं गेला गं?" ऐकलं की अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू? आईची भीती वाटते, आणि ती यावी असंही वाटतं. मी दोन्ही हात मांडीवर ठेवते आणि स्क्रीनकडे बघत राहते.

अजून एकदाही मला ती कळ दाबावी लागलेली नाही.