आरशाच्या उंचीचा ओटा

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून माझ्या आतोबांइतका बसण्याचा कंटाळा असलेला माणूस झाला नाही, हे मी कुणासमोरही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. घर शेणव्याकडचं, भातशेतीचं. नोकरी मुंबईला पाणी नेणाऱ्या तानशाच्या पाइपलाइनीवर देखरेखीची. पाइपाच्या कडेकडेने रोज मैलोगणती चालण्यात त्यांचा जन्म गेला आणि निवृत्तीनंतर पाय थांबवायचे असतात, हे त्यांना कुणी कळवलंच नाही. चहा ते उभ्याने पीत. जेवताना एक गुडघा उभा ठेवत, म्हणजे उठायला बरं. लग्नात शेवटचं मंगलाष्टक सुरू होईतो ते मांडवाबाहेर पडून चपला शोधत असत. घरातला आरसा आत्याच्या उंचीच्या खिळ्याला टांगलेला होता. आतोबा ताडमाड उंच, त्यामुळे दाढी करताना त्यांना कमरेतून वाकावं लागे. तीस वर्षं ते त्या आरशाला नावं ठेवत आले, पण खिळा हातभर वर ठोकायला लागणारी दोन मिनिटं त्यांना कधी सापडली नाहीत.

एसटीची वाटसुद्धा ते चालत बघत. थांब्यावर उभं राहणं त्यांना जमत नसे, म्हणून पुढच्या थांब्याकडे निघत. साहजिकच गाडी त्यांना नेमकी दोन थांब्यांच्या मधोमध गाठे. जुने कंडक्टर ओळखीने घंटी मारत, नवा असला की आतोबा शहापूरहून निघून सापगावपर्यंत पायीच पोचत आणि वर मला सांगत, "बघ, गाडीपेक्षा मीच फास्ट." बाजारातून परततानाही तसंच. आतोबा पुढे, आत्या डोक्यावर पाटी घेऊन दोन शेतं मागे. आम्हा भाचरांना तो चेष्टेचा विषय होता. आत्याही आमच्याबरोबर हसायची.

नव्वदच्या दशकात आत्या गेली. तेराव्याला पंगत उठायच्या आत आतोबा मध्येच उभे राहिले आणि म्हणाले, "तिच्या नावानं निधी काढतोय. गावांच्या उपयोगाची कामं करायची." रस्त्याकडची एक जमीन विकून त्यांनी पैसे बँकेत ठेवले, व्याजातून वर्षाला एक काम करायचं ठरलं. मी शाळामास्तर, अक्षर बरं, म्हणून मला न विचारता चिटणीस करण्यात आलं. अर्ज येऊ लागले. जो तो गाव कमान मागत होता, नाहीतर सभामंडप. एका सरपंचांना आतोबांनी आमच्या ओटीवर विचारलं, "कमान कशाला? गावात शिरताना वाट चुकता का तुमी?" सरपंच चहा अर्धा टाकून गेले. मग अर्ज बाजूला ठेवून आतोबा स्वतःच गावोगाव हिंडायला लागले, आणि चिटणीस म्हणून माझ्या रविवारांचं वाटोळं झालं.

काम पुरं झालं की ते जरा दूर उभे राहून त्याच्याकडे बघत आणि मला विचारत, "तुझ्या आत्याला आवडलं असतं का रे?" मी हो म्हणायचो. "तुला काय ठाऊक," असं म्हणून ते चालू लागत. बालवाडीच्या पत्र्यांपाशी त्यांनी हे विचारलं, विहिरीच्या कठड्यापाशीही विचारलं. मला राग यायचा. मला ठाऊक नव्हतं हे खरं, पण यांना तरी कुठे ठाऊक होतं? सगळा संसार झाला, आणि तुला काय हवं, असं त्यांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं. तीच गोष्ट आता त्यांना बसू देत नव्हती.

मुरबाडकडच्या एका गावात नदी लांब होती. बायकांचे हाल होतात, असं पुरुषांनी सांगितलं, म्हणून आतोबांनी घरांच्या अगदी जवळ, पत्र्याच्या सावलीत, धुणं धुवायचा ओटा बांधून दिला. नळसुद्धा दिला. सहा महिन्यांनी आम्ही गेलो तर ओट्यावर पत्त्यांचा डाव रंगलेला, नळाला एक बैल बांधलेला आणि बायका धुण्याच्या बादल्या घेऊन नदीकडे निघालेल्या. आतोबा त्यांच्यामागे धावले. एकीने चालता चालता उत्तर दिलं, "वट्यावर धुवायला बसलो तं घरातून सासू ऐकते. मंग आमी बोलायचं कुठं?"

"मग आधी का नाय सांगितलं?"

"आमाला कुणी इचारलं?"

 दुसऱ्या दिवसापासून आतोबांनी पुरुषांशी बोलणंच बंद केलं. गावात शिरायचं ते थेट पाणवठ्यावर. एवढा उंच म्हातारा लांब टांगा टाकत येताना दिसला की बायका पदर सावरून एकमेकींना खुणा करत, "आला गो इचारणारा."

असेच एकदा शेणव्याच्या रस्त्यावरचा चढ चढत होतो. आतोबा अर्थातच पुढे. वर झाडाखाली डोंगरावरच्या वाडीतली एक म्हातारी डोक्यावर जळणाची मोळी घेऊन नुसती उभी होती. "जरा उतरवा हो," ती म्हणाली. आतोबांनी मोळी उतरवली. तिने मान चोळली, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि ओळखलं.

"तुमची बायको पण हितंच उभी रायची," ती म्हणाली. "बाजाराची पाटी घेऊन. एकटीला उतरवता येत नाय, उतरवली तं परत डोईवर घेता येत नाय. वाटेनं कुणी येतंय का बघत रायची. कदी मी आले तं मी हात द्यायची."

"मला का नाय हाक मारली तिनं?"

"मारायची ना. तुमी पार वळणाच्या फुडं."

आतोबा तिथेच मातीत बसले. काही कारण नसताना त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. मग त्यांनी विचारलं, "काय बोलायची?"

"काय बोलणार? हितं एक उंच दगड असता तं बरं झालं असतं, येवढंच."

निधीच्या कामांत इतकं लहान काम दुसरं झालं नाही, आणि इतकं अडलेलंही नाही. गवंडी म्हणाला, ओटा बांधतो, पण उंची किती ठेवू? वाकावं न लागता भारा मागे सरकवून टेकवता यायला हवा. कुणाच्या मापाने बांधायचा? पाइपलाइनीचा जोड न् जोड तोंडपाठ असलेल्या आतोबांना आत्याची उंची सांगता येईना. ते तडक घरी गेले, मी मागोमाग. आरशासमोर उभे राहून त्यांनी खिशातून सुतळी काढली, आरशाच्या मध्यापासून जमिनीपर्यंत सोडली आणि गाठ मारली. "तिचे डोळे इथं यायचे," ते म्हणाले. गवंड्याने त्या गाठीच्या चार बोटं खाली ओटा आणला.

ओटा झाला त्या दिवशी ती म्हातारी मोळी घेऊन आली. ओट्याकडे पाठ करून तिने मोळी मागे टेकवली, मान मोकळी केली, पाणी प्यायली, आणि कुणाचाही हात न लागता मोळी पुन्हा डोक्यावर घेऊन गेली. आतोबा ओट्याच्या पायथ्याशी बसले होते. शहापूरची एसटी आली तेव्हा त्यांनी हातानेच तिला पुढे जायला सांगितलं. "जाऊ दे. दुसरी येईल," ते मला म्हणाले. त्या दिवशी त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

आता त्या चढावर जीपगाड्या धावतात, घरोघरी गॅस आला आहे, डोक्यावर भारा क्वचितच दिसतो. आतोबाही गेले. पण शेवटच्या वर्षांत, त्यांना वेळच वेळ असताना, मी एकदा हातोडी घेऊन गेलो होतो. आतोबा वाकून दाढी करत होते आणि मला त्यांच्या कमरेची दया आली. म्हटलं, खिळा वर ठोकून देतो.

"नको रे," ते म्हणाले. "मग ती केवढी होती ते मी कुठं बघू?"

आणि ते वाकूनच, अगदी सावकाश, दाढी करत राहिले.