वॉल्टच्या काडतुसांवरचे लाल ठिपके

चूक माझी होती, हे आधीच लिहितो; नाहीतर गोष्ट सांगण्याच्या नादात तेच मागे पडेल. असल्या भुताखेतांच्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. या फोरमवरचे अनुभव मी करमणूक म्हणून वाचायचो.

इथे बॉथेल गावात आमच्या शेजारी वॉल्ट आणि मार्ज हे म्हातारं जोडपं राहायचं. वॉल्टने मला माझ्या पन्नाशीत रायफल चालवायला शिकवली. त्याची रायफल जुनी लष्करी, काडतुसंही तितकीच जुनी. काडतुसाच्या बुडावर अक्षरं-आकडे ठोकलेले असतात, कुठे बनलं, कधी बनलं. "आधी बूड बघ, मग भर," हे त्याचं पालुपद. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तो गेला. मार्जने रीतसर कागदपत्रं करून रायफल मला दिली, आणि काडतुसांची पत्र्याची पेटीही.

पुढच्या दिवाळीआधी माझी बायको वैशाली देवाची भांडी घासत होती. चिंच भिजवलेली होतीच. काळवंडलेलं पितळ बघून मीही काडतुसं घासायला बसलो.

"अहो, देव्हाऱ्यात मांडणार आहात का ती?" वैशाली म्हणाली.

काहींच्या बुडावर लाल ठिपके होते. कसलेतरी डाग असतील म्हणून नखाने खरवडून काढले... सगळी एकसारखी लखलखीत झाली.

वसंतात इरा घरी आली. आमची मुलगी, चोवीस वर्षांची. शनिवारी सकाळी तिला नेमबाजीच्या रेंजवर नेलं. चार गोळ्या नीट सुटल्या. पाचव्या वेळी चाप ओढला तर नुसतं 'टक्'.

"बोल्ट उघड, दुसरं घाल," मी मागून ओरडलो. ती हलली नाही. खांद्यावर थोपटून खूण केली, तर तिने मान हलवून नाही म्हटलं. नळी निशाण्याकडेच.

आणि मग बार उडाला. दहा सेकंदही झाले नसतील. नळीमागची खीळ म्हणजे तो बोल्ट उघडला असता, तर काडतूस तिच्या तोंडाजवळ फुटलं असतं.

बार उडाला नाही तर नळी तशीच धरून मिनिटभर थांबायचं, हा नियम वॉल्टने मला शंभरदा सांगितला होता. इराला मी तो सांगितलाच नव्हता. त्या क्षणी मला स्वतःलाही आठवला नाही.

पार्किंगमध्ये विचारलं, "थांबायचं कसं सुचलं तुला?"

"बाबा, मागे ते आजोबा होते ना, ते म्हणाले, 'लीव्ह इट बी.' अगदी कानाशी. मला वाटलं तुझ्या ओळखीचे आहेत."

मागे फक्त मी होतो. तिच्या कानात बोळे, वर इअरमफ. माझं ओरडणंसुद्धा तिला ऐकू आलं नव्हतं. 'लीव्ह इट बी', म्हणजे राहू दे तसंच, हे वॉल्टचं नेहमीचं – कुत्र्याला, नातवंडांना, मलाही. इरा त्याला जेमतेम दोनदा भेटली होती. वैशालीचं म्हणणं, तेव्हा कानावर पडलं असेल. असेल...

रेंज ऑफिसरने उरलेली काडतुसं पाहिली. "ओल लागलीय यांना. वापरायलाच नको होती."

"शेजाऱ्याची होती," मी म्हणालो. "तो वारला."

एवढंच म्हणालो. खोटं काहीच नव्हतं त्यात.

बातमी मार्जपर्यंत गेली. ती बनाना ब्रेड घेऊन आली, इराचा हात हातात घेऊन सॉरी म्हणाली. त्यांच्या बेसमेंटमध्ये एकदा पाणी शिरलं तेव्हा भिजलेल्या काडतुसांना वॉल्टने तिच्या लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले होते, म्हणजे ती कुणी वापरू नयेत. "काही राहून गेली असतील," ती म्हणाली. "शेवटी शेवटी विसरायला लागला होता गं तो."

मी ब्रेडची प्लेट धरून उभा होतो. काही बोललो नाही. पुढे आठ महिने बोललो नाही. अंगणात दिसली की 'हाय मार्ज' म्हणून आत जायचो.

त्या आवाजाचा उलगडा मला आजही झालेला नाही. पण ज्याने माझी मुलगी वाचवली असं माझं मन म्हणतं, त्याच्यावरच मी ठपका ठेवला होता. शेवटी इराला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गो टेल हर, बाबा. आजच."

मार्ज पोर्चवर बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "मार्ज, वॉल्ट काहीही विसरला नव्हता. त्याने एकूणएक भिजलेल्या काडतुसावर ठिपका दिला होता. ते मी पुसले, आणि तुला त्याला दोष देऊ दिला. मला माफ कर."