थंड इस्त्रीची छाती

पहिल्या भेटीत मला ते दिसलेच नाहीत. टेलरिंगच्या दुकानामागच्या खोलीत वाफेचा एवढा ढग होता, की आतून एखादा देव प्रकट होऊन 'वर माग' म्हणेल म्हणून मी हात जोडून उभा राहिलो. ढग विरला, तर भली जड इस्त्री धरून एक पन्नाशीचा हँगर उभा होता. हँगरवर शर्ट लटकत होता.

"पँट देतो," हँगर म्हणाला, "पण आधी जांभई संपू दे."

सगळं दुकान त्यांना 'थंड इस्त्री' म्हणे. हे बारसं कटिंग मास्तरांनी केलेलं. मास्तर लोकांची मापं काढत आणि जाता जाता अब्रूही. "काय थंड इस्त्री, आज तरी तापणार का? की वहिनींना विचारून येऊ?" सगळी शिलाई मशिनं हसायला थांबायची. इस्त्रीवाले दातओठ खायचे. मास्तरांच्या स्वतःच्या पँटीला ते न चुकता दुहेरी घडी पाडत. पण तेवढ्यानं आग शांत होईना.

शेवटी थकवा दाखवायला ते डॉक्टरांकडे गेले. तपासणीत टेस्टोस्टेरॉन कमी निघालं. दर तीन आठवड्यांनी त्याचं एक इंजेक्शन आणि अधूनमधून रक्ततपासणी, असं ठरलं. इस्त्रीवाल्यांना औषधापेक्षा शस्त्र हवं होतं. इंजेक्शनांनी छाती भरली, की मास्तरांनाच भर दुकानात ती मोजायला लावायची, वाढलेला आकडा त्यांच्याच तोंडून वदवायचा!

पण हट्टी सुरकुती एका दाबानं जात नाही. ताप वाढवावा, पुन्हा दाबावं, हा त्यांचा जन्माचा अनुभव. तोच त्यांनी स्वतःवर चालवला. कंपाउंडरला थाप मारून दर आठवड्याला इंजेक्शन सुरू, रक्ततपासणी बंद. तोंड लालबुंद झालं, घोरण्यानं खिडक्या हलू लागल्या, पाठभर पुटकुळ्या आल्या.

"अहो, या वयात पुटकुळ्या? कॉलेजात नाव घालताय का?" बायकोनं विचारलं.

"सूड उगवतोय."

"दिसतंय. पाठीवर उगवलाय."

तो दिवस आला. मी ट्रायलला गेलो होतो.

"मास्तर, माझी छाती घ्या. आकडा मोठ्यानं सांगा."

मास्तरांनी टेप गुंडाळली. "अडतीसची चाळीस?"

"सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे!"

मास्तरांनी टेप जरा आवळली मात्र, इस्त्रीवाले "आई गं!" करून टेबलावर वाकले.

"अहो, ही सूज आहे," मास्तर हळूच म्हणाले. "डॉक्टरांना दाखवा." क्षणभर माणुसकी टिकली. मग मोठ्यानं, "की ब्लाउजचं माप लिहू?"

मशिनं थांबली ती पाच मिनिटं सुरू झाली नाहीत. मीच इस्त्रीवाल्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

"हे रक्त आहे की खळ?" रिपोर्ट पाहून डॉक्टर ओरडले. रक्त एवढं घट्ट झालं होतं, की गुठळीची भीती होती. जास्तीच्या औषधातलं काही शरीरानं बायकांच्या हार्मोनमध्ये बदललं, म्हणून छाती सुजलेली. इंजेक्शनं बंद, रक्त ताळ्यावर आलं की बेतानं पुन्हा सुरू.

"किती दिवस लागतील?"

"सहा महिने धरा."

"तोवर त्या मास्तराला कोणी बोट लावायचं नाही," त्यांनी मला बजावलं. "त्याची घडी मीच घालणार."

सहा महिन्यांनी रक्त ठीक आलं. बेताची इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली, जांभया थांबल्या. मास्तर पाचव्याच महिन्यात काम सोडून मुलीकडे राहायला गेले होते. नव्या मास्तरांनी इस्त्रीवाल्यांची छाती मोजली. अडतीस भरली.