दोष उजेडाचा

आषाढातल्या एका सकाळी आईचा फोन आला. "नंदा उठत नाय रे," एवढंच म्हणाली. मी दादरहून डिलाईल रोडच्या चाळीत पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी डॉक्टर बोलावला होता, पण त्याला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. न्यूमोनिया. माझी धाकटी बहीण, परळच्या मेडिकल कॉलेजात शिकवणारी, आणि ताप अंगावर काढून गेली... पावसाळ्यात तिला स्वतःसाठी काही करावंसं वाटतच नसे, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी राग येतो. तिचाही, आमचाही.

आभाळ भरून राहिलं की नंदा मिटून जायची. बोलणं कमी, जेवण कमी, आंघोळीचाही कंटाळा. दिवाळीला पुन्हा तीच बडबडी नंदा, माझ्या ढेरीवरून टोमणे मारणारी. आईने याचं कारण केव्हाच ठरवून टाकलं होतं. नंदा पोटात होती ते गिरणीच्या संपाचे दिवस. बाबा घरी बसलेले. चाळीतल्या बायकांनी घरचं एकेक आणून आईचं डोहाळजेवण केलं, तर तिने ताटातलं बरंचसं आम्हा पोरांसाठी बांधून आणलं. "माझे डोहाळे पुरे झाले नाय, म्हणून पोर अशी," हे ती जन्मभर उगाळत राहिली.

नंदा चिडायची नाही. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर मेंदूतलं घड्याळ चालतं, ढगाळ दिवसांत काहींचं ते बिघडतं, त्यात तुझं काय चुकलं, असं आईला समजावायची. मला मात्र एकदा चिंचपोकळीच्या पुलावर म्हणाली, "बाईला दिवस गेल्याचं कळतं न कळतं, तोवर बाळाच्या मेंदूचा पाया पडायला लागतो, दादा. मग नऊ महिने मज्जातंतूंचं विणकाम. आईच्या उपासमारीत माझं काय विणायचं राहिलं, कुणीच सांगू शकणार नाही. पण हे तिला कळता कामा नये."

तेरावं उरकल्यावर आईने मला समोर बसवलं. "आता खरं सांग. माझ्या पोटातच काय कमी पडलं ना?" मी नंदाचंच म्हणून दाखवलं. नाही आई, दोष उजेडाचा... तिने मान हलवली. मला वाटलं, सुटलो. मग ती खोलीभर बघू लागली. संपानंतर बाबांनी गॅलरीकडची खोली सोडून ही मागची घेतली होती, दुपारीही दिवा लावावा लागणारी. नंदाचं प्रभादेवीला स्वतःचं, भरपूर खिडक्यांचं घर होतं. पण पाऊस लागला की आई तिला एकटीला राहू देत नसे, हट्टाने इथे बोलावून घ्यायची, आणि नंदाला नाही म्हणवत नसे.

"म्हणजे दर पावसात तिला या काळोखात मीच आणत होते," आई म्हणाली.

त्या दिवसापासून आईने खोलीतली ट्यूब बंद केलेली नाही. मी जातो तेव्हा नंदाची रिकामी कॉट लख्ख उजेडात असते, आणि आई तिच्याकडे पाठ करून बसलेली.