वगळलेलं नाव

निवृत्त झाल्यावर मला दोन गोष्टींची भीती वाटू लागली. दिवसभर घरात बसून आपण बायकोला नकोसे होऊ ही एक, आणि आपलं डोकं गंजेल ही दुसरी. पहिलीवर इलाज नव्हता, म्हणून दुसरीच्या मागे लागलो. शब्दकोडी सुरू केली. उत्तरं शेवटच्या पानावर असतात हा शोध दुसऱ्याच दिवशी लागला. कुणीतरी सांगितलं म्हणून डाव्या हाताने दात घासले, आणि आरसा बायकोने पुसला. शेवटी मोबाइलवर एक खेळ घेतला. उलटे ठेवलेले पत्ते, कुठला कुठे होता ते लक्षात ठेवून जोड्या लावायच्या. तुमचा मेंदू कालपेक्षा तरुण झालाय, असं तो खेळ मला रोज सांगायचा. साठीनंतर एवढं कौतुक दुसरं कोण करतं?

मेंदू असा तरुण झाल्यावर मला इतरांच्या मेंदूची काळजी वाटू लागली. सगळ्यात आधी आईच्या.

आई सांडोरला, गावच्या घरी. वय ब्याऐंशी. मी गोखिवऱ्याच्या फ्लॅटमधून स्कूटरने येऊन-जाऊन असतो. मे महिन्यात आमच्या आळीतल्या क्रुसापाशी रोज संध्याकाळी जपमाळ होते आणि शेवटी आळीतल्या मृतांची नावं घेऊन प्रार्थना. नावं घेण्याचं काम कित्येक वर्षं आईकडे आहे. कागद नाही, चष्मा नाही. डोळे मिटून ती विहिरीकडच्या टोकापासून मनातल्या मनात चालायला लागते. एकेका घरासमोर थांबते आणि तिथून गेलेली माणसं घेते. म्हातारे, सुना, तापाने गेलेलं एखादं तान्हं मूलसुद्धा.

यंदा मी मागच्या बाकावर बसून बोटांवर नावं मोजत होतो. शेजारच्या मावशीचं घर आलं, ते तिचं माहेरचंच घर. आईने मावशीच्या आईवडिलांची नावं घेतली, नवऱ्याचं घेतलं आणि पुढच्या घराकडे निघाली. मावशीचा धाकटा भाऊ राहिला. तो ईस्टरआधीच्या उपासकाळात कॅनडात वारला होता, आळीच्या ग्रुपवर निरोप आला होता. मी मनात म्हटलं, झाली सुरुवात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. मग मी सगळी नावं मोठ्या अक्षरांत टाइप केली, झेरॉक्सवाल्याकडून कागद लॅमिनेट करून घेतला आणि चौथ्या संध्याकाळी आईला म्हटलं, आज तू बस, नावं मी घेतो. ती खूश झाली. एरवी प्रार्थनेत घड्याळ बघणारा मुलगा आपणहून पुढे होतोय, याचं तिला कौतुक वाटलं असावं. कागदावर काय आहे ते तिने विचारलंही नाही. ती तिची खुशी मला अजून टोचते.

मी छान वाचलं. मावशीच्या घरापाशी आल्यावर तर भावाच्या नावावर जरा जोरच दिला, राहिलेली चूक भरून काढावी तसा. नेहमी सगळे मिळून प्रतिसाद देतात. या नावाला कुणीच दिला नाही.

पुढे प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या मावशीने मान वळवली. "कोणाचं नाव घेतलंस?"

मी कागदात पाहिलं. जणू उत्तर तिथे होतं.

आई उठून तिच्याजवळ गेली. "बाय, चल घरी. मी सांगते."

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि रोज माझ्या शेजारी बसत होतीस."

आईने तिला उठवायला हात पुढे केला.

मावशीने त्या भावाला कडेवर वाढवलं होतं. तो गेला तेव्हा तिची हृदयाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. कॅनडातला भाचा, त्या भावाचा मुलगा, जूनमध्ये येऊन स्वतः सांगणार होता. तोवर तिच्यासमोर विषय काढायचा नाही, असं साऱ्या आळीचं ठरलं होतं. मलाही हे माहीत होतं, म्हणजे मला सांगितलं गेलं होतं. एका रविवारी ओट्यावर भाजी निवडत आईने सगळं सविस्तर सांगितलं होतं आणि मी तीनदा "हं" म्हटलं होतं. त्या वेळी चोवीस पत्ते कुठे कुठे आहेत ते माझ्या डोक्यात होतं.

आई मला एक शब्द बोलली नाही. मुलाला मीच सांगायचं विसरले, असं तिने आळीत सांगून टाकलं. आयुष्यभराची तिची ख्याती तिने माझ्यावरून ओवाळून टाकली, आणि लोकांनीही वय झालं म्हणून मान डोलावली. मावशीने मात्र तिच्याशी बोलणं सोडलं. आईने पाठवलेली केळ्यांची फणी तशीच परत आली. रात्री मावशीला धाप लागते, एवढं तिच्या सुनेकडून कळलं. पापनिवेदनाला जावं असं मनात आलं, पण दहा आज्ञांपैकी नेमकी कुठली मोडली ते ठरेना. शिवाय धर्मगुरू हसले असते तर ते सहन झालं नसतं.

त्यानंतर पाचव्या दिवशी मी मावशीकडे गेलो. दारातच सांगून टाकलं की आई विसरली नव्हती. तिने मला सांगितलं होतं, माझंच लक्ष नव्हतं.

"काय करत होतास?"

"मोबाइलवर खेळत होतो."

"कसला खेळ?"

साठी उलटलेल्या माणसाला खोटं चटकन सुचायला हवं. नाही सुचलं. "स्मरणशक्ती वाढवायचा."

मावशीने माझ्याकडे बघितलं. ओठ हलले, ते हसू होतं की शिवी, कळलं नाही. मग तिने पदराने डोळे पुसले.

"ती रोज माझ्या दाराशी येऊन त्याला गाळून पुढे जात होती," ती म्हणाली. "तिला किती जड गेलं असेल. आईला पाठव तुझ्या. तू नको येऊस."

मी घरी जाऊन निरोप दिला. आई चपला शोधत न बसता अनवाणीच गेली. मी कुंपणाशी थांबलो. आत दोघी रडत होत्या, आणि मला बोलावण्याचं काही कारण नव्हतं.