सरकारजमा वाळा

गंगूबाईंच्या ट्रंकेत चांदीचा एकच वाळा आहे. लहान मुलांच्या पायातली वस्तू ती, जोडीनंच असायची. एकच कसा, असं कुणी विचारलं की गंगूबाई ठसक्यात सांगतात, "दुसरा सरकारजमा हाय." लॉकर असलेल्या बायका लॉकरचं सांगतात ना, अगदी त्याच थाटात. ऐकणारा हसतो. हसू दे बापडा. गंगूबाईंच्या लेखी जमा म्हणजे जमा. जमा केलेली वस्तू कधी ना कधी परत मिळते, नाहीतर तिला जमा म्हणायचं तरी कशाला?

मुळशीतल्या त्यांच्या घरावर आता मजला चढलाय. शनिवार-रविवारी पुण्याची माणसं तिथं राहायला येतात, तांदळाच्या भाकरीचे फोटो काढतात आणि "आजी, जरा इकडे बघा" म्हणतात. आजी बघतात. खालची निम्मी भातखाचरं विकून झाली. बांधावरच्या आंब्याचा विषय निघाला तेव्हा मात्र त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. त्या आंब्याखाली त्यांची आई बसायची.

आई म्हणजे धोंडाबाई. गुडघ्यांनी दगा दिला आणि तिला चिखलात वाकणं जमेना, म्हणून भातलावणीच्या दिवसांत आळीतली सगळी तान्ही पोरं तिच्या हवाली असायची. जवळ पानाचा पितळी डबा. एका कप्प्यात कात-सुपारी, दुसऱ्यात लवंगा आणि तिसऱ्यात चिंचोक्याएवढा अफूचा काळा खडा. दुधाच्या थेंबात खडा जरासा उगाळायचा, करंगळीचं टोक बुडवायचं आणि पोराच्या जिभेला लावायचं. पोर गाढ झोपी जायचं, त्याची आई निर्धास्तपणे खाचरात उतरायची. आज हे ऐकून डॉक्टर कपाळाला हात लावतील, आणि बरोबरच आहे त्यांचं. पण तेव्हा घरोघरी हेच चालायचं. इंग्रजांच्या राज्यात तर ही अफू परवान्याच्या दुकानात राजरोस मिळायची. सरकारच्या परवान्यानं विकली तर माल आणि दुसऱ्या कुणी आणली तर चोरटा माल, असा साहेबाचा सोयीस्कर न्याय.

पुढं साहेब गेला, दुकानंही बंद झाली. साहेबाचा कायदा तेवढा मागं राहिला.

गंगू तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. दारूबंदीचे शिपाई ओढ्याकडची हातभट्टी शोधत आले. भट्टी त्यांना काही सापडली नाही. सापडली ती आंब्याखाली पोरं सांभाळणारी धोंडाबाई आणि तिचा उघडा डबा. शिपायानं खडा हुंगला, झाकण लावलं आणि अख्खा डबाच काखेत मारला.

"आफू घ्या की," धोंडाबाई म्हणाली. "डबा कशापायी नेतायसा?"

"ज्यात आफू घावली ते भांडं सरकारजमा. भांड्यात आणिक जे काय असंल तेबी सरकारजमा. इंग्रजाच्या टायमापासनं कायदाच हाय तसा, बाई."

आणिक जे काय होतं, तो वाळा होता. आधी गंगूच्या पायातला, मग धाकट्या भावाच्या, शंभूच्या. त्याचं घुंगरू निखळलं म्हणून पौडच्या सोनाराकडं न्यायला आईनं तो डब्यात टाकला होता. दुसरा शंभूच्या पायातच राहिला, म्हणून वाचला. अफू एका कप्प्यात होती आणि गुन्हेगार ठरला सगळा डबा.

धोंडाबाईला पौडला नेलं आणि भरपूर दम देऊन सोडलं. दिवस मावळताना ती चालत घरी आली, तेव्हा गंगू दारातच उभी होती.

"आय, डबा कुटं हाय?"

धोंडाबाईनं मान खाली घातली. पदराचं टोक उगाच सारखं केलं. "जमा हाय गं. सरकारात जमा हाय."

तेव्हापासून गंगूबाई वाट बघतायत. गावातच लग्न झालं, पोरं झाली, नातवंडं झाली. आईनं जाताना उरलेला वाळा त्यांच्या हाती दिला, तोही "दुसरा आला की जोडीनं घाल" असं सांगून. खरं तर ओढ वाळ्याची नव्हतीच. आईचा एकही फोटो नाही. तो डबा उघडला की कात, लवंग आणि त्या खड्याचा कडवट, उग्र वास यायचा, आणि तोच आईच्या बोटांना असायचा. वय झालं तसा आईचा चेहरा पुसट झाला, नाक मात्र विसरायला तयार नाही. डबा आला की आई येईल, हे त्या कुणाजवळ बोलल्या नाहीत. बोलल्या त्या फक्त वाळ्याबद्दल.

यंदा त्यांच्या नातवाला, ऋषिकेशला, मुलगी झाली. ऋषिकेश आणि त्याची बायको अनुष्का दोघंही कंपन्यांत कामाला, राहायला पुण्याजवळ सूसला. बारसं मात्र मुळशीत ठरलं. गंगूबाईंनी वाळा चिंचेनं लख्ख घासला आणि नातसुनेला बोलावलं.

"दुसरा सोडवून आण. तू शिकलेली हायेस. पणतीच्या पायात जोडी बघायची हाय मला, डोळं हायेत तवर."

अनुष्का हसली नाही. सबंध घरात न हसलेली ती पहिलीच. "माझी एक मैत्रीण वकील आहे, आजी. विचारते तिला."

बारशाच्या आदल्या दुपारी गंगूबाई आत घुगऱ्यांसाठी हरभरे निवडत होत्या. बाहेर ओसरीवर अनुष्का होती. मांडीवर बाळ, म्हणून फोन स्पीकरवर. पलीकडून तिची वकील मैत्रीण जान्हवी बोलत होती.

"अठराशे अठ्ठ्याहत्तरचा अफूचा कायदा गं. अफू, ती ठेवलेलं भांडं, त्यातल्या बाकीच्या वस्तू, ती वाहून नेणारं जनावर, गाडी, सगळं जप्त. पंच्याऐंशी साली रद्द झाला तो."

"मग आता परत मागता येईल?"

"नाही गं. सरकारजमा म्हणजे ठेव नव्हे. वस्तू सरकारचीच झाली. तेव्हाच लिलाव झाला असणार. पितळ मोडीत गेलं असेल, चांदी आटवली असेल. आजींना काय सांगणार तू?"

अनुष्कानं फोन बंद केला.

गंगूबाईंचा हात सुपातच थांबला. ठेव नव्हे! मग एवढी वर्षं आपण कशाची वाट बघितली? त्यांना आईचा राग आला. गेलेल्या माणसाचा येऊ नये एवढा आला. तेव्हाच सांगितलं असतंस तर एकदाच रडून मोकळी झाले असते, आये.

अनुष्का बाळाला खांद्यावर घेऊन आत आली. विचारण्यात काही अर्थ नव्हता, तरी गंगूबाईंनी विचारलं, "काय म्हनली तुजी वकिलीन? कुटं हाय डबा?"

अनुष्कानं मान खाली घातली. बाळाच्या दुपट्याचं टोक उगाच सारखं केलं.

"जमा आहे, आजी. सरकारात जमा आहे."

गंगूबाई बघतच राहिल्या. तीच खाली गेलेली मान, तोच कापडाच्या टोकाशी चाळा. म्हणजे आईलाही ते सांगणं असंच जड गेलं होतं. पौडहून चालत येताना वाटभर तिनं लेकीसाठी हे एवढं एक वाक्य जुळवून आणलं होतं आणि मरेपर्यंत ते मोडू दिलं नव्हतं. राग कुठल्या कुठं गेला. आई अशी काही हवीशी झाली की सूप हातातून सुटलं आणि हरभरे घरभर झाले.

"आजी, काय झालं?"

गंगूबाईंनी तिला मनगट धरून शेजारी बसवलं. कनवटीचा वाळा काढून बाळाच्या एका पायात सरकवला.

"कायबी न्हाई. परत म्हन."

"काय म्हणू?"

"आत्ता म्हनलीस ते. खाली बघून म्हन. माजी आय म्हनली व्हती तसं."