अंगणापुरता कॅमेरा

शिर्डीला नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. परत आलो तर मिरजगावजवळच्या वस्तीवरच्या आमच्या घराचं कुलूप तुटलेलं, कपाट उचकटलेलं आणि न्हाणीतला तांब्याचा बंब गायब. कपाटात चोराच्या कामाचं काही नव्हतंच. त्याने माझ्या साड्या मात्र पलंगावर बऱ्यापैकी नीट काढून ठेवल्या होत्या. यांना बंबाचं फार लागलं. त्यांच्या वडिलांच्या वेळचा होता तो. पोलीस येऊन बघून गेले.

मुलगा पुण्यात असतो. त्याचा फोन आला, आता कॅमेरे बसवायचेच. बाहेर दोन, बैठकीच्या खोलीत एक, स्वयंपाकघरात एक. म्हणजे त्याला पुण्यात बसून मोबाईलवर सगळं दिसेल. मी म्हटलं, बंब तर न्हाणीतून गेला, मग तिथे का नको? तो हसला नाही.

माझं आजोळ शिंगणापूरचं. तिथे मामाच्या घराला, सगळ्या गावासारखंच, दार नव्हतं, नुसती चौकट. कुत्रं आत शिरू नये म्हणून रात्री एक फळी आडवी लावायचे. त्या घरात वाढलेली मी, जन्मभर शाळेत पोरांवर नजर ठेवून निवृत्त झालेली, आता स्वतःवर नजर ठेवायचं यंत्र घ्यायला नगरला निघाले.

दुकानदार चाळिशीचा, बोलायला गोड. याला रात्रीचं दिसतं, यातून ऐकूही येतं, यातून इथून बोललं की तिथे ऐकू जातं, असं एकेक दाखवत गेला. यांनी विचारलं, लांबून खरंच स्पष्ट दिसतं का? तर म्हणाला, माझंच घर बघा ना. आणि मोबाईल आमच्यापुढे धरला.

पडद्यावर एक म्हातारी बाई पलंगावर बसली होती. डोक्यावरचा पदर खाली पडलेला, केस मोकळे. विंचरता विंचरता फणीतले केस काढून त्यांचा गुंता बोटाला गुंडाळत होती. इतकं स्पष्ट दिसत होतं की पांढरे किती आणि काळे किती तेही सांगता आलं असतं. हे मान वळवून दुकानातल्या वायरींच्या गुंडाळ्या बघायला लागले.

मी विचारलं, "त्यांना ठाऊक आहे का, आपण बघतोय ते?"

"आईला काय कळतंय त्यातलं," तो म्हणाला. "तिच्यासाठीच तर लावलाय." मग आवाजाचंही दाखवावं म्हणून त्याने मोबाईल तोंडाजवळ नेला. "आई, गिऱ्हाईक बघतायत तुला."

बाईंनी दचकून वर पाहिलं. घाईघाईने पदर डोक्यावर घेतला, केसांचा गुंता मुठीत लपवला आणि छताकडे बघत विचारलं, "किती जन हायेत? च्या ठिवू का?"

दुकानदार कौतुकाने हसला. आवाज अगदी स्वच्छ होता, त्याबद्दल तक्रारीला जागाच नव्हती. आम्ही बाहेरचे दोन घेतले, मुके.

मुलाला हे आवडलं नाही. आत पडलात बिडलात तर मला कळणार कसं, असं त्याचं म्हणणं. ते काही खोटं नव्हतं. म्हणून मी त्याला सांगितलं, आमच्या बैठकीत एक लाव, पण तसाच एक तुझ्याही बैठकीत लाव. तुला आम्ही दिसू, आम्हाला तुम्ही.

तो म्हणाला, "आई, आमची काही प्रायव्हसी असते ना."

"तोच शब्द मी शोधत होते," मी म्हटलं. विषय तिथेच संपला.

बाहेरचे दोन बसले. एक फाटकावर, एक पुढच्या दारावर. चोर त्यांच्यापुढे कधी आला नाही, आम्हीच होतो. मग फोन यायला लागले. भर उन्हात कुठे निघाली होतीस? मोटारसायकलवर कोण आलं होतं? बाबांनी स्वेटर का नाही घातला? माझ्याकडे दुपारी गप्पांना येणाऱ्या बायकांनी आधी पुढच्या दाराने येणं बंद केलं. मग मीही मागच्या दाराने जायला लागले. ठरवून नव्हे, पाय आपोआप तिकडे वळायचे. हळूहळू घराची सगळी वर्दळ मागे गेली आणि पुढच्या दारावर चोख पहारा राहिला.

उन्हाळ्यात आम्ही बायकांनी मागच्या पडवीत कुरडया घातल्या. हे आपला फोन घरीच विसरून कर्जतला बाजाराला गेले होते. माझा मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला. चीक शिजत होता, हात भरलेले होते, फोनचं कोणाच्या ध्यानात नव्हतं. ऊन कलायला लागलं तेव्हा आमचा मुलगा घरातून धावत मागे आला. चेहरा पांढराफटक. आदल्या दिवसापासून मी त्याला कॅमेऱ्यात दिसले नव्हते आणि दोघांपैकी कोणी फोन उचलत नव्हतं, म्हणून गाडी काढून तो पुण्याहून निघाला होता.

शेजारीण सोऱ्या फिरवता फिरवता म्हणाली, "घ्या, आला तुमचा क्यामेरा."

तो तिथेच जमिनीवर बसला. मी गरम चीक वाटीत घालून त्यावर तूप-साखर टाकली. लहानपणी खायचा तसा त्याने मान खाली घालून खाल्ला, मग अजून मागितला. एरवी तो दिवाळीलाच येतो. मनात आलं, चोराचे आभार मानायला हवेत, पण बोलले नाही.

हे बाजारातून आल्यावर त्याने हळूच सुचवलं की मागच्या दारालाही एक बसवू या.

"बसव की," हे म्हणाले. "मंग आमी भितीवरनं उड्या मारू."

यावर मात्र तो हसला. मुक्काम करून सकाळी गेला. जाताना म्हणाला, उगीच सारखं बघणार नाही, संध्याकाळी फोनच करत जाईन.

पुढे पंधरवड्यात भर दुपारी त्याचा फोन आला. ऑफिसातून, दबक्या आवाजात. "आई, रागावू नकोस. सहज बघितलं. अंगणात शेळी शिरलीये, तुझी मेथी खातेय."

मी बाहेर जाऊन पाहिलं. खरंच खात होती. अर्धा वाफा संपला होता. शेळी हाकलली, फाटक लावलं आणि वर कॅमेऱ्याकडे बघून मान डोलावली. दुसरं काय करणार.